रोझोच्या धक्क्यावर भेटलेल्या दादांना

दादा,

तुम्ही नाव सांगितलं होतंत, पण इंजिन चालू होतं आणि मी आईचा वॉकर आत ओढत होते, तेव्हा ते निसटलं. मग दिवसभर तुम्हाला दादाच म्हणत राहिले. आई तर पाचव्या मिनिटाला "बाळा"वर आली होती. हे पत्र मराठीत लिहितेय. भाची त्याचं इंग्रजी करून तुमच्या राजधानीच्या, रोझोच्या धक्क्यावरच्या टॅक्सीवाल्यांपर्यंत पोचवायचा प्रयत्न करणार आहे. पण आधी ते माझ्या माणसांनी वाचावं असं मला वाटतं. डोमिनिका नावाचा देश आहे हेच इथे बहुतेकांना माहीत नाही. "डॉमिनिकन रिपब्लिक ना?" असं विचारतात. मी प्रत्येकाला सांगते, तो वेगळा. हा जेमतेम 70 हजार वस्तीचा, डोंगरच डोंगर असलेला, पोटात नऊ ज्वालामुखी घेऊन कॅरिबियन समुद्रात उभा असलेला देश. आणि तिथे माझ्या आईला माणूस भेटला.

सकाळी आमचं पर्यटकांचं जहाज लागल्यावर धक्क्यावर काय झालं ते तुम्ही लांबून पाहिलं होतंत. माझा भाऊ, वहिनी आणि मुलं समुद्रात पोहायला गेली होती, तळातून ज्वालामुखीच्या वायूचे बुडबुडे येतात त्या शॅम्पेन रीफवर. आम्हा दोघींसाठी भावाने वेगळी सहल घेतली होती. "सोपी, ज्येष्ठांसाठी योग्य" असं लिहिलेली. महिनाभर आधी कळवलं होतं की बरोबर 79 वर्षांची बाई आहे, खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर आहे. काही काळजी करू नका, असं उत्तरही आलं होतं. पण हातात पाटी घेतलेल्या माणसाने वॉकर पाहिला आणि मान हलवली. बसची पायरी उंच आहे, सगळ्यांचा वेळ जाईल, पैशांचं जहाजावर जाऊन बोला. हे सगळं तो माझ्याशी बोलला. आई मध्ये उभी होती, तिच्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

खरं लागलं ते पुढचं. त्या बसमध्ये दोन मराठी कुटुंबं होती. तीन दिवस आम्ही एकत्र नाश्ता करत होतो, आईने त्यांना आपल्या हातच्या तिळाच्या वड्या दिल्या होत्या. त्यांच्यातला एक जण जरी खाली उतरून म्हणाला असता की काकूंना आम्ही धरतो, तर तो पाटीवाला नाही म्हणू शकला नसता. कुणी उतरलं नाही. सगळे अचानक मोबाइलमध्ये बघायला लागले. बस गेली.

आई म्हणाली, "चल, जहाजावर जाऊ. मला तसंही काही बघायचं नव्हतं."

तसं नव्हतं, दादा. तिला त्या अख्ख्या प्रवासात एकच गोष्ट बघायची होती. माझ्या आईचं माहेर कोकणातलं, संगमेश्वर तालुक्यात तुरळच्या बाजूला. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. तुरळ, राजवाडी, आरवली, तिन्हीकडे. लहानपणी थंडीच्या दिवसांत ती आणि तिच्या बहिणी पहाटे त्या कुंडात पाय सोडून बसायच्या. त्या बहिणींपैकी आता कुणी नाही. भावाने सहलीचं वर्णन वाचून दाखवलं, त्यात गरम पाण्याचे झरे आहेत हे ऐकल्यापासून आई रोज विचारत होती, "ते झऱ्यांचं गाव कधी येणार?"

तुम्ही आलात तेव्हा मी रडत होते, म्हणून तुम्ही पहिल्यांदा काय म्हणालात ते मला आठवत नाही. पण तुम्ही बोललात आईशी. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नाही हे तुम्हाला लगेच समजलं, तरी दिवसभर तुम्ही तिच्याकडे बघूनच बोललात आणि ती तुमच्याशी मराठीत. खुबा मोडल्यापासून दीड वर्ष मी पाहतेय, डॉक्टर असोत, नातेवाईक असोत, बँकेतले असोत, सगळे तिच्याबद्दल तिच्यासमोर माझ्याशी बोलतात. "यांना बसवा." "या जेवल्या का?" सामान उचलावं तसं तिला उचलतात आणि ठेवतात. तुम्ही दार उघडलंत, पायरीखाली लाकडी पेटी सरकवलीत आणि हात नुसता पुढे धरून थांबलात. ओढलं नाहीत. तिने धरला तेव्हाच जोर लावलात.

वरच्या दरीकडे जाणारा तो रस्ता आईला घाटासारखा वाटला, गाड्याही आपल्यासारख्या डावीकडून. आणि मग ती ओळखत सुटली. "अगं, नीरफणस! हे बघ अळू, केवढं माजलंय!" तुम्ही गाडी थांबवून तिला पान खुडून दिलंत आणि सांगितलंत की तुमच्याकडे या पानांचं कॅलालू करतात. मी ते सांगितल्यावर आईने तुम्हाला अळूच्या फदफद्याची पूर्ण कृती ऐकवली, त्यात चिंच का घालायची, घशाला खाज का येते, सगळं. तुम्ही गंभीरपणे मान डोलावत होतात.

मधेच एका मोकळ्या जोत्याकडे तुम्ही बोट दाखवलंत. 18 सप्टेंबर 2017 ची रात्र, मारिया वादळ, पाचव्या श्रेणीचं. पंतप्रधानांच्या घराचंसुद्धा छप्पर उडालं ती रात्र. सकाळी डोंगरांवर एक हिरवं पान उरलं नव्हतं, सगळं बेट जळल्यासारखं तपकिरी झालं होतं, असं तुम्ही म्हणालात. जोतं तुमच्या भावाच्या घराचं होतं. एवढंच सांगून पुढे निघालात.

ट्रॅफल्गार धबधब्याची वाट आईच्या आवाक्यातली नव्हती. तुम्ही मला म्हणालात, तू जाऊन ये, मी आईजवळ बसतो. खुबा मोडल्यापासून परक्या माणसाजवळ तिला सोडून मी दहा मिनिटंही कुठे गेले नव्हते. तिथे गेले. दोन धबधबे शेजारी शेजारी कोसळतात, तुमचे लोक एकाला बाबा म्हणतात, एकीला आई. परत आले तर तुम्ही दोघं चिंचेच्या गोळ्या खात बसला होतात. तुमच्या गाडीतल्या. आई म्हणाली, "हा आपल्यासारख्याच करतो, फक्त जिऱ्याशिवाय."

आणि मग वॉटन वेव्हन, ते झऱ्यांचं गाव. गंधकाचा वास गाडीत शिरला तशी आई ताठ बसली. आमच्या कोकणातलं पाणी जमिनीच्या भेगांतून खोल उतरून तापून वर येतं. तुमच्याकडे खाली जिवंत ज्वालामुखीच आहे, रस्त्याच्या कडेलासुद्धा वाफा निघत होत्या. पण वास तोच. कुंडाकडे उतरायला ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या होत्या. आईने त्या पाहिल्या आणि म्हणाली, "राहू दे. वास आला, पुष्कळ झालं."

मी तिला समजावत होते. तुम्ही दिसेनासे झालात. परत आलात ते बादली घेऊन. एका हातात झऱ्याचं कढत पाणी, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या कॅनमध्ये गार पाणी. आईच्या पायांशी गुडघ्यावर बसलात, शर्टाची बाही वर केलीत आणि पाण्यात कोपर घातलंत. बोट नाही, हात नाही, कोपर. मग थोडं गार ओतलंत. पुन्हा कोपर. पुन्हा थोडं गार. तिसऱ्या वेळी मान हलवलीत, आईच्या चपला काढल्यात आणि तिच्याकडे पाहिलंत. तिने स्वतः पाय आत सोडले.

दादा, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी असं बघतात. माझ्या आईने मला असं न्हाऊ घातलंय, मी माझ्या मुलाला. गेल्या दीड वर्षात तिच्यावर लाखभर रुपयांच्या मशिनी फिरल्या, पण तिला भाजेल का, असं कुणी स्वतःच्या कातडीवर घेऊन पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नाही.

आई काही बोलली नाही. डोळे मिटून बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "याला कुणीतरी नीट वाढवलंय गं."

पाणी निवलं तेव्हा तुम्ही न सांगता दुसरी बादली आणलीत. जहाजाची वेळ मी सारखी बघत होते, तुम्ही मात्र घड्याळाकडे पाहताना मला दिसला नाहीत, आणि तरी आम्हाला वेळेआधी अर्धा तास पोचवलंत.

मला आयुष्यात शिकलेली माणसं खूप भेटली, दानशूर भेटली, देवळाला पायऱ्या बांधून देणारी भेटली. समोरच्याला काय हवंय ते बघणारी फार थोडी. तुम्ही ठरलेलं भाडं घेतलंत, सुटे पैसे परत दिलेत. त्या भाड्यात बादली नव्हती. मी वर काही द्यायला गेले तेव्हा तुम्ही आईकडे उरलेली तिळाची वडी मागितलीत.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्या दोन कुटुंबांनी विचारलं, "काकू, तुमचं काय झालं मग?" मला खूप बोलायचं होतं. आईने मला हाताने गप्प केलं आणि त्यांना म्हणाली, "मी माहेरी जाऊन आले." दोन दिवस तिने पायांना साबण लावू दिला नाही. केबिनमध्ये गंधकाचा वास होता, भावाची मुलं नाक दाबत होती, आणि ती पाय जवळ घेऊन झोपत होती.

आता डोंबिवलीत ती रोज संध्याकाळी बादलीत पाय सोडून बसते. पाणी मी बघते, कोपराने. ती दर वेळी विचारते, "त्याचा फोटो काढलास ना?" तुमचा फोटो माझ्याकडे नाही, दादा. एकच आहे, आईचे पाय पाण्यात असलेला. त्यात डाव्या कडेला तुमचं ओलं कोपर आलंय. तो तिने मोठा करून मागितलाय, उद्या फोटो स्टुडिओत देणार आहे.