देवाशी बोलतो खूप, त्याचं ऐकतो कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ आला की आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधे, म्हणजे चर्चमधे, कॉटेज मीटिंग (घरोघरच्या प्रार्थनासभा), उपवास-प्रार्थना, श्रद्धा जागवणाऱ्या उज्जीवन सभा असं सगळं सुरू होतं, माणसं दिवसभर ड्युटी करून दमून येतात तरी बसतात, आणि ते बघून खरंच बरं वाटतं. पण बऱ्याच दिवसांपासून एक गोष्ट मनात सलतेय म्हणून हे पत्र लिहितोय. आपण देवाशी बोलतो खूप, पण त्याचं ऐकायला थांबत नाही. प्रार्थना म्हणजे विनंत्यांची यादी, ती संपली की आमेन, आमेन झालं की गीत, गीत झालं की संदेश म्हणजे प्रवचन, संदेश झाला की चहा. मधे दोन मिनिटं शांतता झाली तर लोकांना वाटतं माईक बंद पडला की काय. आणि दुसरीकडे "देव मला म्हणाला" हे वाक्य इतकं सहज तोंडात येतंय, व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोज सकाळी कुणाला तरी कुणासाठी तरी संदेश मिळालेला असतो, आणि तो नेहमी गोडच असतो, या महिन्यात तुमचे अडलेले काम होणार, बढती मिळणार, दार उघडणार.

आपण सगळ्यांनी संडे स्कूलमधे बायबलातल्या शमुवेलाची गोष्ट ऐकलीये. रात्रीची वेळ, पोरगं मंदिरात झोपलेलं, हाक येते, ते धावत म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे जातं. तीन वेळा. मग एलीच्या लक्षात येतं आणि तो सांगतो की आता हाक आली तर म्हण, "बोल, तुझा दास ऐकत आहे." आपण मुलांना गोष्ट इथपर्यंतच सांगतो, टाळ्या वाजवतो आणि खाऊ वाटतो. पुढचं कोण वाचतं? पुढे देव जे बोलला ते त्या पोराच्या भल्याचं काहीच नव्हतं, तू मोठा संदेष्टा होशील वगैरे काही नाही. ज्या म्हाताऱ्याने त्याला वाढवलं त्याच्याच घराण्याचा न्याय होणार, कारण मुलं वाईट वागत होती आणि बापाने त्यांना आवरलं नाही, हे देवाने सांगितलं. शमुवेल सकाळपर्यंत तसाच पडून राहिला, मग उठून परमेश्वराच्या मंदिराची दारं उघडली, आणि एलीला हे सांगायची त्याला भीती वाटत होती असं शास्त्रात स्पष्ट लिहिलंय. पहिल्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या हन्नाचे, शमुवेलाच्या आईचे, नुसते ओठ हलताना बघून तिला दारू प्यायलेली समजणारा हाच एली, पण या दिवशी तो पोराला म्हणतो माझ्यापासून काही लपवू नकोस, आणि सगळं ऐकून घेतो, तो परमेश्वर आहे, त्याला बरं वाटेल ते तो करो म्हणतो. मला तर या गोष्टीत शमुवेलाइतकाच एली मोठा वाटतो. आपल्याविरुद्धचा शब्द एका लहान मुलाच्या तोंडून ऐकून घेणं सोपं नाही हो.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रामाणिकपणे ऐकणं ते हेच, आपल्याला नको असलेलं उत्तरही ऐकायची तयारी ठेवून बसणं. उत्तर आधीच ठरवून गुडघे टेकले तर आपल्याला आपलाच आवाज ऐकू येतो, आणि त्यावर आपण देवाची सही करून टाकतो.

हे नुसतं पुस्तकी बोलणं नाही. एका घरी प्रार्थनेला बाहेरून आलेल्या एका प्रचारकांनी सगळ्यांसमोर नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीला उभं केलं आणि म्हणाले, प्रभूने मला दाखवलंय, हिचं शिक्षण पुरे, याच वर्षी लग्न होणार. सगळे हालेलुया म्हणाले. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती, तिची आई रडत होती, आनंदाने की कशाने ते कळलं नाही. नंतर कप विसळायला म्हणून एक वयस्कर मावशी तिला आत घेऊन गेल्या आणि नळ चालू ठेवूनच विचारलं, "तुला काय वाटतं गं बाळा?" तोपर्यंत हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. ती जे बोलायला लागली ते अर्धा तास बोलत होती आणि मावशी हूं हूं करत नुसतं ऐकत होत्या, एकही वचन तोंडावर फेकलं नाही. त्या दिवशी त्या घरात देवाचं कोणी ऐकलं असेल तर ते त्या मोरीपाशी, असं मला मनापासून वाटतं. जो समोरच्या माणसाचं ऐकत नाही तो न दिसणाऱ्या देवाचं ऐकतो यावर माझा विश्वास बसत नाही.

प्रेषित पौल नव्या करारात थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो की संदेशांचा धिक्कार करू नका, पण लगेच पुढे म्हणतो सगळ्याची पारख करा, चांगलं ते धरून ठेवा. आपण पहिला भाग धरला आणि दुसरा सोडून दिला. पारख करणं म्हणजे अविश्वास नाही. पुढे जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या स्पेनच्या संत इग्नाशियसला 1521 मधे पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की काही विचार आले की तेवढ्यापुरती मजा वाटते आणि मागे मन कोरडं पडतं, आणि काही विचारांनंतरचा आनंद टिकून राहतो. त्याने पुढे त्यावरच पारख कशी करायची ते शिकवलं. आपल्या वसईच्या कॅथलिक मंडळींना हे नवीन नाही, आम्ही प्रोटेस्टंट लोकांनी मात्र त्यांच्याकडून शिकायला हरकत नसावी.

आणि आपल्या मराठी मातीतलीच उदाहरणं बघा ना. पंडिता रमाबाईंना ऐकायला कमी यायचं, विलायतेत डॉक्टरी शिकायला गेल्या पण कानांमुळे ते जमलं नाही. पण 1896 च्या दुष्काळाची बातमी आली तेव्हा बाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या, उपाशी मुली गोळा करून आणल्या, निराधार बायकामुलींना आसरा देणारी केडगावची मुक्ती ही संस्था त्यातून उभी राहिली. लहानपणी दुष्काळात स्वतःचे आईवडील गमावलेली बाई ती, तिला ती हाक कळली, आणि हाक अशी की पैसे नाहीत जागा नाही तरी इतक्या जीवांचं ओझं घ्यायचं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंही तसंच, आगगाडीत भेटलेल्या एका साहेबाने नवा करार हातात दिला, डोंगरावरचं प्रवचन वाचून माणूस हलला, पण लगेच दुसऱ्या दिवशी साक्ष द्यायला उभे नाही राहिले, वाचत राहिले, विचार करत राहिले, आणि 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी घर, जात, माणसं किती तुटली ते सगळ्यांना माहीत आहे. शेवटी 1917 मधे मिशनची नोकरीही सोडून साताऱ्याला देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. दोघांनाही ऐकण्याची किंमत मोजावी लागली. ज्या आवाजाने आपलं कधीच काही जात नाही, उलट दर वेळी आपलंच खरं ठरतं, त्या आवाजाबद्दल जरा सावध राहिलेलं बरं.

आता कोणी म्हणेल की शांत बसायला वेळ कुठेय, एका खोलीत सहा माणसं, टीव्ही चालू, सकाळी पाण्याची गडबड. खरंय, आणि ज्या बायकांच्या कडेवर लेकरू आहे त्यांना तर मी उपदेश करणारच नाही. पण तासभर लागत नाही. शास्त्रातला छोटा भाग घ्या, पाच-सहा ओळी, पूर्ण अध्याय नको. सावकाश मोठ्याने वाचा, परत वाचा, जिथे मन अडखळतं तिथे थांबा, विशेषतः जे वाक्य वाचून पुढे जावंसं वाटतं तिथे थांबा. काही मागू नका. जे सुचलं ते वहीत लिहून ठेवा आणि आठवड्याने परत बघा, टिकलं का ते. मोठा निर्णय असेल तर अशा माणसाला दाखवा जो तुम्हाला नाही म्हणू शकतो. शमुवेलालाही पहिल्यांदा आवाज ओळखता आला नव्हता, एली लागलाच ना. आणि ऐकून झालं की उठून करा, नव्या करारातल्या पत्रात याकोब हेच सांगतो की नुसते ऐकणारे होऊ नका. ज्याच्याशी बोलणं टाकलंय त्याला फोन करायचा असं आत सारखं येत असेल तर त्यासाठी वेगळा संदेश मिळायची वाट बघायची गरज नाही.

पाळकसाहेबांना (धर्मगुरूंना) आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांना माझी दोन बाबतीत कळकळीची विनंती आहे. रविवारच्या उपासनेत शास्त्रवाचन झाल्यावर आणि संदेशाच्या आधी पाच मिनिटं पूर्ण शांतता ठेवा, कीबोर्डसुद्धा नको, पहिले काही रविवार लोक खोकतील, चुळबुळ करतील, होईल सवय. आणि कुणाच्या लग्नाबद्दल, नोकरीबद्दल, आजाराबद्दल, औषधं बंद करण्याबद्दल "देवाने सांगितलंय" असं स्टेजवरून जाहीर करायला कोणालाही परवानगी देऊ नका, पाहुण्या प्रचारकांना तर बोलावतानाच हे सांगून ठेवा. ज्याला काही सांगायचंय त्याने त्या माणसाला घरी भेटून, पाळकांना सोबत घेऊन, हळू आवाजात सांगावं आणि त्याचं उत्तरही ऐकून घ्यावं. हे एका पंचकमिटीच्या मीटिंगमधे ठराव करून होण्यासारखं आहे, ईस्टरच्या आधी करता आलं तर फार चांगलं होईल.

आपला,
एक मंडळीकर वाचक, अहिल्यानगर