झोईचे केस धुता येतात, म्हणून तुमचे आभार

प्रिय येलित्सा जीन-चार्ल्स,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, पण तुम्ही घडवलेली झोई ही बाहुली आमच्या घरात आहे. तरी हे पत्र मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझ्यासारखी आणखी एखादी मराठी आई ते वाचेल.

माझी लेक अर्धी सांगलीची, अर्धी अटलांटाची. नाक माझ्या आजीचं, केस मात्र बाबांच्या घराण्याचे, दाट आणि बारीक वेटोळ्यांचे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खोबरेल तेल, फणी आणि दोन वेण्या. या केसांना ते पुरत नाही. जिला हे केस कळतात ती तिची आत्या लांब राहते. विंचरायची वेळ झाली की लेक पलंगाखाली जाऊन बसायची.

सावळ्या बाहुल्या दुकानात होत्या, पण बहुतेकींचे केस सरळ, रेशमी. रंग तेवढा बदललेला. तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत. ऱ्होड आयलंडच्या डिझाइन स्कूलमध्ये शिकताना तुम्ही परीकथेतली रॅपन्झेल सावळी, कुरळ्या केसांची रंगवलीत, आणि त्यातूनच पुढे अठरा इंची झोई आली. तिचे केस धुता येतात, त्यांना पीळ घालता येतो.

आता आमच्याकडे न्हाण दोघींचं असतं. आधी केस ओले करायचे, भरपूर कंडिशनर लावायचा, मग रुंद दातांचा कंगवा टोकाकडून मुळाकडे न्यायचा. कोरडे केस विंचरायचेच नाहीत. लेक झोईचा गुंता सोडवते, मी लेकीचा. मग दोन-दोन बटा एकमेकींत गुंफत डोकंभर पीळ. "दुखलं तर सांग हं," असं ती झोईला बजावते, अगदी माझ्या आईच्या सुरात. सांगलीहून आजी व्हिडिओ कॉलवर तेलाची आठवण करते, तेव्हा लेकच तिला समजावते, "आजी, आधी पाणी!"

तुमच्या लहानपणी सावळी बाहुली भेट मिळाल्यावर तुम्ही रडला होतात, हे तुम्हीच मोकळेपणानं सांगितलंय. वाचून पोटात तुटलं. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं १९४०च्या दशकात कृष्णवर्णीय मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या, तेव्हा बहुतेकांनी गोरी बाहुली 'छान' ठरवली होती. १९५४ साली शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या कामाचा आधार घेतला. कायदा बदलला, तरी खेळण्यांचं कपाट बदलायला फार वेळ लागला. त्या रडण्याची तुम्ही लाज बाळगली नाहीत, त्यातून उद्योग उभा केलात, याचं मला फार मोल वाटतं.

गेल्या भेटीत आत्यानं लेकीचे पीळ निरखून पाहिले आणि मला म्हणाली, "छान जमलेत." त्या शाबासकीतला मोठा वाटा तुमचा आहे. तो पोचवण्यासाठीच हे पत्र.

तुमची ऋणी,
एक मराठी आई