मुंबॅटनच्या पवित्रला अजून जागा हवी होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सुपरहिरोंच्या पिक्चरवर जो लेख आला त्यात कॉमिक्सवरून काढलेले सगळे पिक्चर एकाच माळेचे मणी आहेत असं लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. बाकीच्यांचं मी बोलत नाही, पण २०२३ च्या जूनमध्ये आलेला 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा ॲनिमेशनपट त्या माळेत ओवू नका. त्यात खोट आहे आणि चांगली मोठी आहे, तीही सांगतो, पण आधी तो वेगळा का ते तरी बघा.

त्या पिक्चरमध्ये अनेक विश्वं आहेत आणि प्रत्येकाचा आपापला स्पायडर-मॅन. त्यातला मुंबॅटनचा, म्हणजे मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून केलेल्या शहराचा स्पायडर-मॅन, पवित्र प्रभाकर, हा काही पिक्चरसाठी नव्याने बनवलेला नाही. २००४ साली 'स्पायडर-मॅन: इंडिया' नावाचं चार अंकांचं कॉमिक आपल्याकडे निघालं होतं, शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांचं. चित्रं सुरेख होती, मुंबईच्या गर्दीवरून धोतर नेसलेला स्पायडर-मॅन झेप घेतोय हे बघायलाच भारी वाटायचं. पण गोष्ट? गोष्ट तीच पीटर पार्करची, मूळच्या अमेरिकन स्पायडर-मॅनची. काका गेले पाहिजेत म्हणून भीम काका गेले, काकी पाहिजे म्हणून माया काकी, आणि ग्रीन गॉब्लिन हा खलनायक पाहिजे म्हणून नलिन ओबेरॉय राक्षस झाला. कोळी चावण्याऐवजी एका योग्याने शक्ती दिली एवढाच काय तो फरक. म्हणजे पोरगा मुंबईचा आणि नशीब मात्र न्यूयॉर्कहून आलेलं.

आता पिक्चर काय करतो बघा. त्यात मिगेल ओ'हारा नावाचा २०९९ सालातला स्पायडर-मॅन आहे, तो म्हणतो की प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात ठरलेल्या घटना घडल्याच पाहिजेत, जवळचा एक पोलीस कॅप्टन मेलाच पाहिजे, नाहीतर ते विश्वच कोसळेल. हे हवेतून आलेलं नाही, मूळ कॉमिक्समध्ये १९७० साली कॅप्टन स्टेसी हा पोलीस अधिकारी असाच एका मुलाला वाचवताना मेला आणि तेव्हापासून तीच गोष्ट या ना त्या रूपात फिरतेय. मुंबॅटनमध्ये ही पाळी येते इन्स्पेक्टर सिंगवर, पवित्रच्या मैत्रिणीच्या, गायत्रीच्या वडिलांवर. आणि पिक्चरचा नायक, दुसऱ्या विश्वातला स्पायडर-मॅन माइल्स मोरालेस, त्यांना वाचवतो. त्या एका उडीत पवित्रची त्या उसन्या नशिबातून सुटका होते. जुन्या कॉमिकला जे जमलं नव्हतं ते इथे जमलंय, आणि मला विचाराल तर कॉमिकवरून पिक्चर करायचा तो असा, मूळ गोष्ट पानापानाला गिरवत बसायचं नाही, ती कुठे अडकली होती ते ओळखायचं.

पवित्र स्वतःही काय झकास जमलाय. स्पायडर-मॅन होऊन जेमतेम ६ महिने झालेत, सगळं सोप्पं वाटतंय, केसांचं गुपित विचारलं तर खोबरेल तेलाचं नाव घेतो. ब्रिटिशांनी आमच्या वस्तू इथूनच चोरल्या हे शहर दाखवता दाखवता जाता जाता सांगून टाकतो. योगी नाही, शाप नाही, नुसता आनंदी पोरगा, परदेशी पिक्चरमध्ये आपल्याकडचा असा आनंदी पोरगा किती वेळा बघायला मिळतो हो?

आणि चित्रं! मुंबॅटन रंगवताना त्या चित्रकारांनी जुन्या इंद्रजाल कॉमिक्सची छपाई समोर ठेवली होती, ज्यात आपण वेताळ आणि मँड्रेक वाचले तीच. स्वस्त कागद, भडक रंग, रंग रेषेच्या जरासा बाहेर सरकलेला, ते सगळं पडद्यावर आहे. ग्वेन या मुलीचं, म्हणजे आणखी एका विश्वातल्या स्पायडर-वुमनचं जग तर अजून निराळं, ओल्या जलरंगाचं. ती आणि तिचे वडील घरात बोलत असतात तेव्हा मागच्या भिंतीचा रंग त्यांच्या बोलण्यासोबत बदलत जातो, दुरावा असला की थंड होतो, रंग अक्षरशः खाली ओघळतात, आणि शेवटी दोघं एकमेकांना मिठी मारतात तेव्हा सगळं उजळून येतं. माणसांच्या तोंडावर न दाखवता मन भिंतीवर दाखवायचं हे ॲनिमेशनलाच जमतं, त्याला लहान मुलांचं म्हणून बाजूला सारणं मला अजिबात पटत नाही.

आता खोट. ज्या पवित्रला एवढं मोकळं केलं त्यालाच नंतर वाऱ्यावर सोडलंय. सिंग वाचले, शहराच्या मधोमध भगदाड पडलं, ते मोठं होत चाललंय आणि पिक्चर तिथून निघून जातो. गायत्रीचं काय झालं, लोक पळाले का, पवित्रला आपलं जग मोडतंय हे कळल्यावर काय वाटलं, काही नाही. अगदी शेवटी तो ग्वेनच्या टोळीत उभा दिसतो तेवढाच. १४० मिनिटं बसवून ठेवलं आणि ऐन रंगात 'पुढील भागात', बरं तो पुढचा भाग मार्च २०२४ ला येणार होता तोही लांबणीवर पडला. ज्या वेळात शेकडो स्पायडर-मॅन माइल्सचा पाठलाग करत धावतात (तो पाठलाग मला लांबलेलाच वाटला) त्यातली दहा मिनिटं मुंबॅटनला दिली असती तर काय बिघडलं असतं? सुरुवातीला ड्रमच्या आवाजात ग्वेनचं बोलणं बुडून जातं ते वेगळंच, ती तक्रार तर बाहेरच्या देशातल्या प्रेक्षकांनीही केली.

अजून एक गोष्ट मनाला लागली. पिक्चर आल्यावर महिन्याभरातच बातम्या आल्या की तो रंगवणाऱ्या काही ॲनिमेशन कलाकारांनी नाव न सांगता तक्रार केली, रोज अकरा अकरा तास काम, पूर्ण झालेले प्रसंग पुन्हा पुन्हा बदलायला लावले, शंभरएक जण मध्येच सोडून गेले. वर ज्या भिंतीचं मी कौतुक केलं ती कोणीतरी असं रात्र रात्र जागून रंगवली असणार, त्यामुळे कौतुक करताना हे पण लिहिलंच पाहिजे असं वाटलं.

शेवटी आपल्या घरचं. हा पिक्चर भारतात १० भाषांमध्ये आला आणि त्यात मराठी होती, हे किती वाचकांना माहितीये? सगळी चर्चा शुभमन गिलने हिंदी आणि पंजाबीत पवित्रला आवाज दिला त्याचीच. आमच्याकडे मराठीचा शो शोधून मिळाला नाही, भाचीला हिंदीतून दाखवला, काउंटरवरच्या माणसाला मराठी प्रिंट आहे हेच ठाऊक नव्हतं. मुंबईवरून बेतलेल्या शहरातला पोरगा मराठी बोलतो आणि तो आपल्याच जिल्ह्यात ऐकायला मिळत नाही. पुढचा भाग येईल तेव्हा मराठी डब झालाय का आणि कुठल्या गावात कोणत्या वेळेला शो आहे, एवढं तरी आपल्या पेपरने आधी छापावं ही विनंती, म्हणजे निदान लोक थिएटरवाल्याकडे मागणी तरी करतील.

आपला,
एक वाचक, सांगली