काका, तुमचं लाल पेन अजून माझ्याकडेच आहे

प्रिय काका,

असं सगळ्यांसमोर लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही हे मला माहितीये, "थँक्यू कसलं, शेजारी आहे मी" असंच म्हणाल. नाव घालत नाहीये, तेवढी तुमची अट पाळते. पण परवा लिफ्टमध्ये एक जण मला म्हणाली, बरंय बाई तुझं, खाली पोलीसवाले काका आहेत, एका फोनमध्ये तुझं ते चौकीचं प्रकरण मिटलं असेल. ते ऐकल्यापासून डोक्यात घोळतंय. कारण तुम्ही एकही फोन लावला नाहीत. मी रडकुंडीला येऊन सांगितलं तरी लावला नाहीत, आणि तेव्हा मला तुमचा राग आला होता, खरं सांगते.

पहिल्यापासून सांगते, कारण सोसायटीत याच्या चार वेगवेगळ्या गोष्टी फिरतायत.

फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे साडेसात. गंगापूर रोडला मिसळीचं पार्सल घ्यायला गाडी डाव्या बाजूला लावली, एका हातात फोन, घरून मेसेज की एक पाव एक्स्ट्रा आण, आणि मी ड्रायव्हर साईडचा दरवाजा धाडकन उघडला. आरशात बघितलं नाही, मागे बघितलं नाही. रविवारी सकाळी त्या रस्त्याला धरणाच्या दिशेने किती सायकलवाले असतात हे नाशिकमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको, २०१५ मध्ये महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिकेतली ती रॅम सायकल रेस पूर्ण केली तेव्हापासून तर गल्लीगल्लीत हेल्मेट दिसायला लागली. तर त्यातलेच एक गृहस्थ मागून येत होते. दार चुकवायला त्यांनी सायकल वळवली आणि आडवे झाले. गुडघा सोलला, तळहात सोलला, मागचं चाक वाकडं.

आता इथे मी काय करायला पाहिजे होतं? खाली वाकून त्यांना उठवायला पाहिजे होतं. मी काय केलं, तर "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का" असं ओरडले. ते पण चिडले, लागलेलं होतं त्यांना, ते फोन काढून गाडीच्या नंबरचा फोटो काढायला लागले तशी मी त्यांच्या सायकलचं हँडल धरलं, आधी फोटो डिलीट करा म्हणून, आणि त्या ओढाताणीत त्यांना ढकललं. पाच-सात लोक जमले, कोणीतरी जाऊ द्या जाऊ द्या केलं, आणि मी पार्सल घेऊन घरी आले. मिसळ गरमच होती. हे लिहिताना आत्ता लाज वाटतेय.

मंगळवारी दुपारी फोन आला, चौकीतून बोलतोय, तुमच्याविरुद्ध अर्ज आहे, चौकशीला या. माझे हातपाय गार पडले. अर्ज म्हणजे काय, एफआयआर झाला का, अटक करतात का, ऑफिसमध्ये कळेल का, काहीच कळेना. घरातल्या ग्रुपवर टाकलं तर अर्ध्या तासात सल्ल्यांचा पाऊस. नगरसेवकाला सांग, पाच-दहा हजार सरकव आणि मोकळी हो, आणि आमच्या मावसभावाचा सल्ला, जो मला त्या क्षणी सगळ्यात हुशारीचा वाटला, की तू उलट तक्रार ठोक, बाईच्या अंगाला हात लावला म्हण, तो लगेच गप्प बसेल.

मी ते सगळं घेऊन संध्याकाळी तुमच्याकडे आले. काकू देवापुढे दिवा लावत होत्या. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, मग पहिला प्रश्न विचारलात, फोन कुणी केला, नाव काय सांगितलं? मला माहीतच नव्हतं. तुम्ही म्हणालात, आधी पोलीस स्टेशनच्या लँडलाईनवर स्वतः फोन करून विचारा असा अर्ज खरंच आहे का, आजकाल ते डिजिटल अरेस्टची भीती घालून लुबाडणारे पण पोलीसच असतात फोनवर. तो फोन मीच करायचा, तुम्ही नुसते शेजारी बसणार. केला. अर्ज खरा होता, हवालदाराचं नाव मिळालं, गुरुवारी अकराची वेळ मिळाली. खरं सांगू का, त्या एका फोनने माझी निम्मी भीती गेली.

मग उलट तक्रारीचा विषय काढला. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि विचारलंत, "लावला होता का हात?" मी म्हटलं, तसं नाही, पण ओढाताण झाली ना. तुम्ही परत तेच विचारलंत. मी गप्प. तेव्हा म्हणालात, "ताई, तसं लिहिणार असाल तर मी हा उठलो. ज्या बाईला खरंच कुणी हात लावलेला असतो ना, ती चौकीत येऊन बसते तेव्हा तिला आधी तुमच्यासारखीचं खोटं फेडावं लागतं." एवढंच. पुढे भाषण नाही. मला कानफटात बसल्यासारखं झालं.

त्यानंतरचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. कॅलेंडरचं जानेवारीचं पान तुम्ही फाडलंत, मागच्या कोऱ्या बाजूला दोन रकाने आखलेत, डावीकडे जुनी कलमं, उजवीकडे नवी, कारण तुम्ही रिटायर झालात तेव्हा आयपीसी होतं आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, "आकडे बदलले, भांडणं तीच." जुनं ३३७ म्हणजे आता १२५, निष्काळजीपणाने कुणाला दुखापत. ३२३ म्हणजे ११५(२), मारहाण, ढकलणं त्यातच. ५०४ म्हणजे ३५२, मुद्दाम अपमान करून भांडण पेटवणं. ३४१ म्हणजे १२६, वाट अडवणं. मी म्हटलं, मी वाट कुठे अडवली? "हँडल धरलंत ना?" मग त्याखाली एक रेघ मारून अजून दोन लिहिलीत, ३५४ म्हणजे ७४, विनयभंग, अजामीनपात्र, पाच वर्षांपर्यंत कैद, "हे तुम्ही त्या माणसावर खोटं घालायला निघाला होतात," आणि १८२ म्हणजे २१७, पोलिसांना खोटी माहिती देणं, "हे मग तुमच्यावर येतं." ते पान मी जपून ठेवलंय.

तुम्ही मला उगाच धीर पण दिला नाहीत. ढकलणं आणि अपमान हे अदखलपात्र, त्याची एनसी, म्हणजे नुसती नोंद होते, कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करत नाहीत. पण दार उघडून माणूस पडला, लागलं, हे दखलपात्र आहे, गुन्हा दाखल होऊ शकतो, जामीनपात्र आहे पण होऊ शकतो, आणि वर चॅप्टर केस करून, पुढे नीट वागेन असा बाँड पण लिहून घेऊ शकतात, हे सरळ सांगितलंत. आणि हे पण की गाडीमुळे कुणाला लागलं तर त्याला दवाखान्यात न्यायची आणि पोलिसांना कळवायची जबाबदारी ड्रायव्हरचीच, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४. वीस वर्षं गाडी चालवतेय, मला माहीत नव्हतं.

मग डॅशकॅम. मी तो डिलीट करायच्या बेतात होते, हे तुम्हाला पहिल्यांदाच सांगतेय. कॅमेरा पुढे बघतो, दार त्यात दिसत नाही, मग ठेवायचा कशाला, असा माझा हिशोब. तुम्ही म्हणालात लावा. टेबलावर लॅपटॉप, समोर काकूंनी ठेवलेला चहा, स्क्रीनवर नुसती मिसळीच्या दुकानाची पाटी, आणि मागून माझा आवाज. बाप काढलेला. मग त्यांचा आवाज, "मॅडम, ढकलू नका, मला लागलंय." काकू स्वयंपाकघरात निघून गेल्या. तुम्ही फक्त विचारलंत, आवाज तुमचाच ना. मग म्हणालात कार्ड काढून पाकिटात ठेवा, त्याला हात लावू नका, कॉपी पेन ड्राईव्हवर घ्या आणि मागितली तर द्या.

रात्री घरी बसून मी झालेलं सगळं कागदावर लिहून काढलं, तुम्हीच सांगितलं होतं, वेळेसकट, सुरुवात दारापासून, भांडणापासून नाही. सकाळी आणून दाखवलं. मी लिहिलं होतं, "माझ्याकडून अनवधानाने दरवाजा उघडला गेला." तुम्ही खिशातलं लाल पेन काढून ते खोडलंत आणि वर लिहिलंत, "मी मागे न बघता दरवाजा उघडला." पुढे "त्यांना धक्का लागला" होतं, त्याचं "मी त्यांना ढकलले" झालं. म्हणालात, चौकीत जबाब लिहून घेणारा रायटर म्हणून निम्मी नोकरी काढली मी, "उघडला गेला" लिहिणारा माणूस तिसऱ्या प्रश्नाला अडकतो. पेन माझ्या हातात दिलंत, बाकीचं तुम्हीच करा म्हणून. मी अजून चार ठिकाणी खोडलं.

मी म्हटलं त्यांना आधी फोन करून सॉरी म्हणू का, तर तुम्ही थांबवलंत. आता अर्ज झालाय, तुमचा फोन गेला तर तो दबाव वाटेल, जे बोलायचं ते चौकीत बोला.

गुरुवारी तुम्ही आलात, पण बाहेर चहाच्या टपरीवर थांबलात. आत आलात असतात तर सगळे उठून नमस्कार करत बसले असते आणि मग त्या गृहस्थांना काय वाटलं असतं, हे मला नंतर कळलं. आत जाताना मात्र तुमच्या नावाने बोटं मोडत होते.

आत काय, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, जाड रजिस्टरं. ते गृहस्थ आधीच आलेले, तळहाताला बँडेज, सोबत सिव्हिलचा कागद. शाळेत शिक्षक आहेत. माझा जबाब लिहून घेताना हवालदारांनी मध्येच मान वर केली आणि विचारलं, हे असंच लिहू? म्हटलं असंच लिहा. वाचून दाखवा म्हटलं, वाचून दाखवला, शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर तुम्ही सांगितल्याप्रमाणे आडवी रेघ मारायला लावली, मग सही. मग मी त्यांच्याकडे वळून सॉरी म्हटलं, बाप काढला त्यासाठी वेगळं म्हटलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला केस नको होती हो. तुम्ही मला पडलेला टाकून पार्सल घ्यायला गेलात, ते डोक्यातून जात नव्हतं."

सायकलच्या दुरुस्तीचं बिल मी तिथेच यूपीआयने त्यांच्या खात्यावर दिलं, रोख नाही, आणि त्याचा उल्लेख दोघांच्या जबाबात आला, हेही तुमचंच. त्यांनी तक्रार पुढे चालवायची नाही म्हणून लिहून दिलं, साहेबांनी मला अशी समज दिली की विचारू नका, आणि अर्ज दप्तरी दाखल झाला, म्हणजे तिथेच मिटला. निघताना ते शिक्षक म्हणाले, मॅडम, ड्रायव्हरचं दार डाव्या हाताने उघडत जा, अंग आपोआप वळतं आणि मागचा रस्ता दिसतो. करून बघा कोणीही. पहिले दोन दिवस मनगट अवघडतं, मग सवय होते.

बाहेर आले तर तुम्ही पेपर वाचत बसलेले. झालं? झालं. चला. गाडीत बसल्यावर मी रडले, तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात, त्यासाठी पण थँक्यू.

तर लिफ्टमधल्या बाईंनी कृपया नोंद घ्यावी, ओळख वगैरे काही नाही, काकांनी मला फक्त खोटं बोलू दिलं नाही, आणि ते फार त्रासाचं होतं.

पेन रविवारी आणून देते. मिसळ पण आणतेय, सांगून ठेवते, नाही म्हणायचं नाही. फक्त काकूंना विचारून ठेवा, त्यांची तर्री वेगळी बांधायला सांगू का, मागच्या वेळी त्यांना तिखट झाली होती.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची