बासुंदीचे पातेले धुण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी मानेवाड्यात माझ्या भाचीचे साक्षगंध झाले. पंगत दीडला उठली आणि चारपर्यंत घरोघरून उलट्यांचे फोन येऊ लागले. रात्री सात जणांना सलाईन लावावे लागले. जो तो म्हणाला, ऊन लागले. नागपूरचे ऊन आहेच तसे, पण बासुंदी खाणाऱ्यांनाच ते कसे लागेल?

मी प्रयोगशाळेत तीस वर्षे काढली. त्या रात्री फोन घेऊन बसले आणि 48 पाहुण्यांना एवढेच विचारले : काय काय खाल्ले, त्रास किती वाजता सुरू झाला? बासुंदी खाल्लेल्या 31 पैकी 22 आजारी. न खाल्लेल्या 17 पैकी एक. मधुमेहामुळे बासुंदी टाळणारे भाऊजी बाकी सगळे जेवूनही ठणठणीत. दोन-तीन तासांत उलट्या, ताप नाही, म्हणून माझा संशय स्टॅफायलोकॉकस या जंतूच्या विषावर आहे. "इतकी आटवलेली बासुंदी, तिला काय होणार?" असे सगळे म्हणत होते. पण आटवल्यावर ती रात्रभर बाहेर निवत राहिली. हाताच्या जखमेतून, नाकातून हा जंतू दुधात उतरतो आणि उकाड्यात वाढतो. पुन्हा उकळले तर जंतू मरतो, विष मात्र टिकते. जपानमध्ये 2000 साली पाश्चराइज केलेले दूध पिऊन 13 हजारांवर लोक आजारी पडले, तेही याच विषाने. माग काढत तपास होक्काइडोतल्या दूध पावडरीच्या कारखान्यापर्यंत पोचला. तिथे काही तास वीज गेली होती.

आमचा माग मोरीतच संपला. मी विचारेपर्यंत पातेले घासून पालथे पडले होते. दवाखान्यात अँटिबायोटिक सुरू झाले, उलटीचा वा शौचाचा नमुना कोणी घेतला नाही. तिसऱ्या दिवशी नमुना घेतला गेला तो डेअरीतल्या त्या दिवशीच्या ताज्या दुधाचा! त्यात काय सापडणार?

अन्न सुरक्षा कायदा 2006 च्या कलम 35 नुसार अधिसूचना काढून डॉक्टरांना विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे बंधनकारक करता येते. नागपुरात हे कलम खरोखर राबवावे, आणि खबर मिळताच त्याच दिवशी उरलेल्या अन्नाचा नमुना उचलावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तुळशीच्या लग्नानंतर भाचीचे लग्न आहे. प्रत्येक पदार्थाची झाकणबंद वाटी, वर तारीख-वेळ लिहून, तीन दिवस माझ्या फ्रिजमध्ये राहील. केटरर्सना तसे सांगून ठेवले आहे.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मानेवाडा, नागपूर