ताई, तो फोटो तुम्ही परत खिळ्याला लावलात

ताई, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी घाटंजीच्या फाट्यावर एसटी आली आणि घाईत तुमचे आभार मानायचे राहिले. ते आज सगळ्यांसमोर मानते आहे.

संस्थांसाठी लिहायचं काम मी सात वर्षं करते आहे. अहवाल, यशोगाथा, देणगीदारांना पत्रं. आधीच्या संस्थेत पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे." शेतकऱ्यानं जीव दिलेल्या घरी गेलो की हार घातलेला फोटो भिंतीवरून उतरवायचा, बाईला छातीशी धरायला लावायचा आणि कॅमेरा काढायचा. यवतमाळ, वर्धा, अमरावती, किती घरं झाली! छापलेली पुस्तिका त्यांतल्या एकीलाही पोचली नाही. मी दोनदा विचारलं, साहेब "बघू" म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं नाही, याची मला लाज वाटते.

त्या दिवशी आम्ही दारात दिसताच वहिनी आत गेल्या आणि गेलेल्या नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या. कुणी सांगितलंही नव्हतं. इतकी सवय लावली होती आम्ही लोकांनी. तुम्ही ओट्यावर डाळ निवडत होतात. सूप बाजूला ठेवून उठलात, त्यांच्या हातातून फोटो घेतलात, काचेवरची धूळ पदरानं पुसलीत आणि आत जाऊन खिळ्याला परत लावलात. "तुले किती डाव उचलाले लावतीन वं हे लोकं?" मग माझ्याकडे वळून, "फोटो काढाचा असंन तं वावरात चाला, बाई. पऱ्हाटी तिनं उभी केली हाय."

ताई, माणुसकीवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. ती मी पहिल्यांदा पाहिली, तुम्ही पदरानं काच पुसताना.

वावरात, कापसाच्या त्या झाडांत, वहिनी मोकळ्या झाल्या. २०१७ ची बोंडअळी, हातातून गेलेला कापूस, सगळं सांगितलं. कर्ज गावातल्या सावकाराचं, त्याच्याकडे परवाना नाही, म्हणून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला मिळणाऱ्या सरकारी १ लाखाच्या मदतीला प्रकरण 'अपात्र' ठरलं. हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. जो आला त्यानं एकच विचारलं, त्या रात्री काय झालं.

पुढच्या खेपेला माझा मसुदा तुम्ही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलात. 'अबला' शब्दाशी थांबलात. वहिनी म्हणाल्या, "हे कोन?" मी तो शब्द तिथंच खोडला.

छापलेल्या पुस्तिकेच्या पाच प्रती आज पोस्टानं टाकल्या आहेत. चौथ्या पानावर वहिनी आहेत, कमरेला कापसानं भरलेली ओटी. पहिली प्रत त्यांच्या हातात तुम्हीच द्या.

तुमची,
नागपूरची लिहिणारी