२०२५ संपलं साहेब, माझ्या गोळ्या कुठे आहेत?

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री साहेब,
सादर नमस्कार.

आपण कामात असता म्हणून थेट मुद्द्याचं लिहिते. मला फुफ्फुसाचा टीबी आहे, उपचाराचा दुसरा महिना चालू आहे आणि आज अकरा दिवस झाले मला गोळी मिळालेली नाही. सरकारी केंद्रावर गेले तर सिस्टर म्हणाल्या स्टॉक संपलाय, वरून आला की फोन करू. फोन आला नाही, मीच तीनदा जाऊन आले. मेडिकलमध्ये विचारलं तर चार औषधं एकत्र असलेली ती गोळी त्यांच्याकडे नाहीच.

माझं वजन ४२ किलो, म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी तीन गोळ्या. त्या चालू असताना लघवी नारिंगी व्हायची, पहिल्या दिवशी घाबरले होते. आता गोळ्या बंद होऊन दोन दिवसांत रंग साधा झाला तर बाथरूममध्येच रडू आलं, कारण अंगातलं औषध उतरलंय हे मला तिथेच कळलं. पहिल्या दिवशी तुमच्याच माणसांनी बजावलं होतं ना, एकही डोस चुकवायचा नाही, नाहीतर जंतू औषधाला जुमानत नाहीत? मग आता डोस कोण चुकवतंय? माझी मुलगी चार वर्षांची आहे, तिला लागण होऊ नये म्हणून तिलाही रोज गोळी आहे, तीही त्याच केंद्रातून. दीड महिना ती आजीजवळ झोपतेय आणि रात्री दाराशी येऊन विचारते, आई तुझा खोकला गेला का.

२०१८ साली सगळ्या जगासमोर सांगितलं, जगाच्या पाच वर्षं आधी, २०२५ पर्यंत भारतातून टीबी घालवू. २०१५ ला लाखामागे २३७ नवे रुग्ण होते, २०२४ ला १८७. याला घालवणं म्हणतात का साहेब? मार्च २०२४ मध्ये पण गोळ्या कमी पडल्या तेव्हा केंद्राने राज्यांना पत्र पाठवलं की तीन महिन्यांचं तुमचं तुम्ही खरेदी करा, म्हणजे तेव्हाच अक्कल यायला हवी होती. टीबी रुग्णाला सरकारकडून दर महिन्याला मिळणारे पोषणाचे पैसे ५०० चे १००० केले, चांगलं केलं, पण माझ्या खात्यात अजून एक रुपया नाही आणि औषधच नसेल तर नुसती अंडी खाऊन टीबी बरा होतो का?

सिस्टरवर माझा राग नाही, त्या स्वतः कंत्राटावर आहेत, लोकांच्या शिव्या त्याच खातात. राग वरच्यांवर आहे. २०१७ च्या आरोग्य धोरणात तुम्हीच लिहिलंत की २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के आरोग्यावर खर्च करू, तिथपर्यंत दोन टक्क्यांचीही मारामार. कोरोना बंगल्यांत शिरला तेव्हा रात्रीतून सगळं हललं. टीबीने या देशात वर्षाला तीन लाखांच्या आसपास माणसं जातात, दिवसाला आठशे, पण ती बहुतेक आमच्यासारख्या एका खोलीत राहणाऱ्यांची, त्यांच्यासाठी कोण रात्र जागवणार.

मला भाषण नको, पोस्टर नको. माझ्या केंद्रावर गोळ्यांचा खोका कुठल्या तारखेला येणार ते सांगा आणि मधे खंड पडलाय तर माझा कोर्स पहिल्यापासून करायचा का ते डॉक्टरकडून मला लेखी द्यायला लावा. मी उद्या सकाळी परत जाणार आहे, उद्या बारावा दिवस.

आपली,
एक टीबी रुग्ण